फळी जवळ आणली तेव्हा

सरांची आणि माझी ओळख झाली ती बंदूक विकण्यावरून. डाळिंबाच्या बागेतली पाखरं हाकायला आमच्या मालकांनी घेतलेली छऱ्याची बंदूक, ते गेल्यावर कोपऱ्यात उभी होती. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. निमगाव केतकीच्या शाळेत खेळाचे सर नेमबाजी शिकवतात असं ऐकलं आणि घेऊन गेले. सरांनी वरची दुर्बीण हलवून पाहिली. "ताई, नुसते स्क्रू ढिले झालेत. घरात कोण हाय?" मी म्हटलं, मुलगी आहे, सुमन. "मग इकू नका. तिला पाठवा."

पुढं एकदा अंगणात मातीचं पोतं उभं करून त्यांनी मलाही समजावलं. दुर्बीण नळीच्या वर बसते. नजर वरून सरळ जाते. छर्रा खालून निघतो, पाइपातल्या धारेसारखा जरा उठतो, मग वाकतो. दोघांची गाठ कुठं पडायची ते अंतर धरून दुर्बीण जुळवायची. निशाण त्याहून बरंच जवळ आणलं तर छर्रा नजरेपर्यंत चढलेलाच नसतो, तो खाली लागतो.

सरांच्या एकसष्टीच्या अंकासाठी चार गोड शब्द लिहा, असं समितीनं कळवलं आहे. गोड शब्द माझ्यापाशी नाहीत. इंदापूरच्या त्या स्पर्धेचे संयोजकच आज या समितीत आहेत.

त्या स्पर्धेत पहिली येणारी मुलगी पुण्याच्या शिबिराला जाणार होती. वयाच्या अटीमुळं सुमनचं ते शेवटचं वर्ष होतं. मुलांचं झालं आणि मुलींची पाळी येताच संयोजकांनी निशाणाची फळी उचलून निम्म्यावर आणली. मुलींना सोपं जावं म्हणून, असं म्हणाले. सरांनी शांतपणे सांगितलं, दुर्बिणी लांबच्या अंतराला जुळवल्या आहेत; फळी परत न्या, नाहीतर आधी दोन-दोन छर्रे मारून जुळवू द्या. वेळ नाही, पाहुणे ताटकळलेत, असं उत्तर मिळालं. वर एकजण म्हणाला, "का वं सर, जवळचं दिसंना व्हय तुमच्या पोरींना?" सगळा मांडव हसला.

सुमन हळूच म्हणाली, "सर, मी अंदाजानं जरा वर धरते की."

"तुझं जमंल गं. पण आज चालवून घेतलं, तर पुढच्या साली फळी आणखी अलीकडं येईल."

सरांनी मुलींना बंदुका पिशव्यांत भरायला सांगितल्या आणि सगळ्यांना घेऊन ते एसटीनं परत आले.

सर घाबरले, असं लोक वर्षभर म्हणत राहिले. मीही त्यांच्या दारात जाऊन बोलले, "तुमचं तत्त्व ऱ्हायलं सर, माझ्या पोरीचं वर्ष गेलं." त्यांनी सारवासारव केली नाही. "व्हय ताई, गेलं," एवढंच म्हणाले. मग संयोजकांच्या घरी खेटे घालत राहिले. पुढच्या वर्षी मुलामुलींची फळी एकाच अंतरावर उभी राहिली. सुमन तेव्हा बाहेर बसून धाकट्या मुलींच्या दुर्बिणी जुळवून देत होती. माझा राग त्या दिवशी सरांवरून उठला. गेला मात्र नाही.

सरांना उदंड आयुष्य लाभो, नजर अशीच निवळ राहो, गुडघे साथ देवोत. सत्काराला सुमन येणार आहे. समितीनं हार घालण्याआधी, जो मांडव हसला होता तसल्याच भरल्या मांडवात, आमचं चुकलं असं तिला सांगावं. ते ऐकायला सर पुष्कळ वर्षं आपल्यात असोत, म्हणजे वेळ नव्हता असं समितीला पुन्हा म्हणता येणार नाही.