ट्रेबल पाचवर

आमच्या शेजारचे गिटारवाले भावोजी म्हणजे काटेकोरपणाचा कळस. संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात वाजवायचे, पण त्याची मांडामांड दुपारपासून घरात चालायची. इकडे गिटार, तिकडे स्पीकर आणि मध्ये विटेएवढा प्रीअँप. त्यातून गेला की गिटारचा आवाज सुधारतो म्हणे. आमच्या ह्यांना त्यातून घालता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

त्या डब्यावरचे नॉब वादक मंडळी घड्याळासारखे वाचतात. खूण सरळ वर असली की बारा, तिथून उजवीकडे एक, दोन असा जोर वाढत जातो. भावोजी आधी गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाचा जोर, वाढवायचे आणि लाल दिवा लुकलुकला की किंचित मागे घ्यायचे. मग बास दहावर, म्हणजे आवाज घुमत नाही. शेवटी ट्रेबल, म्हणजे तारेची धार. ते मात्र कानानेच. "आकडे बहिऱ्यांसाठी असतात," असं वर ऐटीत सांगायचे.

पूर्वी ट्रेबल बारावर असायचं. मग दोन झाले, तीन झाले. हल्ली पाच, त्यापुढे नॉब फिरतच नाही. इकडे माझ्या दाढा शिवशिवायच्या.

"भावोजी, गिटार वाजवताय की पत्रा कापताय?" मी खिडकीतून ओरडायचे.

"वहिनी, कान तयार करा जरा!"

एक दिवस त्यांची बायको आली आणि खुर्चीत बसून रडलीच. हॉटेलच्या मॅनेजरने बजावलं होतं, गिऱ्हाइकं उठून जातात, शनिवारी शेवटची संधी.

"ताई, यांना दाराची बेल ऐकू येत नाही. सांगितलं तर म्हणतात, बेल बिघडलीय. नवी बसवली, तर तीही बिघडली म्हणे! हे काम गेलं तर हा माणूस जगेल कशावर? भाकरीचं नाही म्हणत मी."

शनिवारी तिने गुपचूप ट्रेबल बारावर आणलं आणि नॉबवर चिकटपट्टी लावली. आम्ही दोघी जेवणघरात कोपऱ्यात जाऊन बसलो. भावोजींनी एक तार छेडली, तोंड वाकडं केलं, चिकटपट्टी सोलली आणि नॉब थेट पाचवर नेला.

वाजवायला लागले तशी स्पीकरमधून शिट्टी उठली. अशी, की वेटरने ट्रे टाकून कान झाकले. सगळं जेवणघर कानांवर हात ठेवून बसलेलं, आणि भावोजी डोळे मिटून, गालात हसत वाजवतायत.

मॅनेजर धावला. त्याने नॉब बारावर आणला. शिट्टी थांबली आणि तसा भावोजींचा हातही थांबला. त्यांनी वायर काढून पुन्हा खोचली.

"तारांची धार गेली."

"कुठे गेली? आत्ता तर झकास येतंय. असंच ठेवा आणि रोज या."

भावोजींनी बायकोकडे पाहिलं. "तुला येतंय?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"आणि पाचवर?"

ती टेबलावरचे चमचे सरळ करत राहिली.

"नॉबला हात लावू नका, एवढंच," मॅनेजर समजावत होता. "बोटं तर चालतायत ना?"

"बोटं चालतील हो. पण बरं वाजतंय की वाईट, हे मी रोज कोणाला विचारू?"

त्यांनी एकेक वायर काढून गुंडाळली. मॅनेजरने जरा वाट पाहिली, मग भिंतीवरचं एक बटण दाबलं. छतातल्या स्पीकरमधून संगीत सुरू झालं आणि लोक पुन्हा जेवायला लागले.

"काय लावलंय त्यांनी?" गिटारची पेटी बंद करता करता भावोजींनी विचारलं.

"गिटारच आहे," बायको म्हणाली.