सोळा नंबरची नळी

१४ ऑक्टोबर २०१०, गुरुवार. स्वयंपाकघरातली मोरी तुंबली. तालुस्तान दुरुस्तीला आला. साडेदहाला जानसेतचा विद्यापीठातून फोन. दुपारी नफीनकडे. डोकं दुखतंय.

डायरीत त्या दिवशी एवढंच आहे, आणि संध्याकाळची एक ओळ. का दुखत होतं ते आता लिहिते.

जानसेत आपलीच, चेर्केस मुलगी. इथे अरब मुलखात येऊन वसलेल्या चेर्केस लोकांचं मूळ कॉकेशसच्या कोणत्या डोंगरात, ते ती रक्तावरून शोधते आहे. आमच्या आज्या ते फुकट सांगत होत्या, पण असो. जुलैत माझ्या बैठकीत बावीस जणांनी रक्त दिलं. प्रत्येक कुळातले दोन पुरुष, आणि यादी माझ्याकडे. कोणी वडीलधारा आत आला की रीतीप्रमाणे सगळे उभे राहायचे, दंडात सुई असलेलेसुद्धा. मग सुई निसटायची आणि जानसेत नव्याने शीर शोधायची. दोन सतरंज्या धुवाव्या लागल्या.

तर फोनवर ती म्हणाली, "आजी, सोळा किंवा सतरा नंबरच्या नळीवर दुसऱ्याच कोणाची चिठ्ठी लागली असेल का?"

"माझ्या हातून? सोळा तालुस्तान, सतरा बरासबी. वेळसुद्धा लिहिली आहे."

"पण हे दोघं एकाच कुळातले ना? बापाकडून मुलाकडे जे उतरतं, ते दोघांचं अगदी वेगळं निघालंय. कोणी दत्तक वगैरे होतं का?"

मला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. मोरीच्या ओट्याखाली डोकं घातलेल्या तालुस्तानच्या हातातला पाना फरशीवर पडला.

होतं. आमच्या सगळ्या वादी अस-सीर गावाला माहीत आहे. आपले लोक बैलगाड्यांतून इकडे येत असताना वाटेत एक पोरका मुलगा सापडला. बरासबीच्या पणजीने त्याचे ओठ आपल्या छातीला लावले आणि रीतीप्रमाणे तो तिचा मुलगा झाला. तो तालुस्तानचा आजोबा. आमच्यात यानंतर दत्तक हा शब्द कोणी काढत नाही. मीही रक्त देतानाच्या अर्जावर दोघांचं कूळ एकच लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

आणि एकाच कुळात लग्न होत नाही. बरासबीची बहीण नफीन. तरुणपणी लग्नाच्या नाचात ती इतरांबरोबर नाचायची आणि तालुस्तान कडेला टाळ्या वाजवायचा, कारण कुळातली मुलगी ती बहीण. त्याने लग्न केलं नाही, तिनेही नाही. पन्नास वर्षं तो दर महिन्याला तिचा पंप दुरुस्त करतो. इतका बिघडणारा पंप मी पाहिलेला नाही.

तो ओट्याखालून बाहेर आला. "वहिनी, माझ्याबरोबर चला."

"आधी मोरी."

"चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो. मोरी थांबेल."

हात न धुताच निघाला. नफीन अंगणात अक्रोड फोडत होती. त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं, की यंत्राने दाखवलं, आपण एका रक्ताचे नाही, आता विचारायला हरकत नाही. मी भिंतीकडे बघत राहिले. या वयात मला मध्यस्थ करतात.

नफीनने हातातला अक्रोड आधी पूर्ण फोडला. "पणजीने तुझ्या आजोबाला जवळ घेतलं तेव्हा यंत्राला विचारलं होतं का?"

"नाही."

"मग आता त्याला कशाला विचारतोस? तू आमचा नाहीस म्हटलंस, तर तुझा आजोबा पुन्हा रस्त्यावर. तुझे वडील आमच्या दफनभूमीत आहेत, त्यांना उचलून कुठे नेऊ?"

"नफीन, मी तुझ्याबद्दल विचारतोय."

"कळलं मला. विशीत विचारलं असतंस तर मी रडले असते, आणि हेच म्हटलं असतं." तिने वाटी पुढे सरकवली. "बस. हात धू आधी, मोरीचा वास येतोय."

तो हात धुऊन आला, बसला, आणि अक्रोड सोलू लागला. वाटी अर्धी भरली. मग म्हणाला, "वहिनी, त्या मुलीला सांगा, चिठ्ठ्या बरोबर आहेत. कूळही बरोबर आहे."

घरी येऊन फोनवर सांगितलं. जानसेत वैतागली. "आजी, दत्तक होते एवढं म्हणा, मी वेगळी नोंद करते. नाहीतर दोन्ही नळ्या वगळाव्या लागतील."

"वगळ."

"इतक्या मेहनतीनंतर?"

"मेहनत माझीसुद्धा होती. सतरंज्या मी धुतल्या."

तिने फोन ठेवला, बहुधा आपटून. तालुस्तान परत आला नाही.

डायरीत त्या संध्याकाळची शेवटची ओळ अशी आहे: मोरी तशीच तुंबलेली. भांडी न्हाणीघरात घासली.