साखराबाईच्या वावरातली सावड

किनवटच्या रानात सागाच्या आडोशाला आंध आदिवासींचं बारा घरांचं एक गाव आहे. तिथल्या साखराबाईला भाकरी कधी धड जमली नाही, एक बाजू करपायचीच. पण खुरपं घेऊन ओळीला बसली की शेजारच्या ओळीतली बाई लाजून भराभर हात चालवायची.

गावात सावड चालायची. आज सगळे तुझ्या वावरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याचं वावर, त्याच्या घरचं जेवण. कोणाचा नंबर कधी, ते साखराबाईचा नवरा शेषेराव ठरवायचा. दिवस उगवताच बांधावरून हाळी द्यायचा, आणि स्वतःचं वावर मात्र शेवटी ठेवायचा.

"घरचा माणूस मागून जेवला तरी चालतंय," म्हणायचा.

"तुमच्या मोठेपणानं माझ्या ज्वारीत गवत कंबरंला लागलं," साखराबाई म्हणायची.

गेल्या सालीही अकरा घरांची खुरपणी झाली, आणि त्यांच्या नंबराच्या आदल्या दिवशी शेषेराव बसल्या जागी गेला. मातीला सगळं गाव आलं. वावरात कोणी आलं नाही. त्या दुःखात गवत कोण बघतं?

यंदा साखराबाईनं मनात धरलं, राहिलेली सावड घ्यायचीच. गवत काय, एकटीनंही निघालं असतं. तिला शेषेरावाच्या वावरात सगळं गाव एकदा ओळीनं बसलेलं बघायचं होतं. दारोदार जाऊन ती सांगून आली, "सोमवारी या." सगळे हाव म्हणाले. हाव म्हणायला काय लागतं?

खरं बोलली ती शेजारची उमाबाई. "साखरे, येडी हायस. पोरं हैदराबादला, अन् खुरपं कोणाच्या घरी राहिलं आता? आमच्या घरी त्यानं नारळ सोलतेत."

"तू येशील का न्हाई ते सांग."

"गुडघे आले तर मी बी येईन."

सोमवारी साखराबाईनं तीस माणसांच्या भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी केली आणि पाटी बांधावर नेऊन ठेवली. उमाबाई काठी टेकत आली आणि बाभळीखाली बसली. दिवस वर आला. मग गाडीवर मागे फवारणीचा पंप बांधून सुदर्शन आला, साखराबाईच्या धाकट्या दिराचा मुलगा.

"मोठीमाय, गावानं मलाच धाडलं. तासाभरात तण मारून टाकतो. तू सावलीला बस."

"बाकीचे?"

"पंपाला काय जत्रा लागती का?"

पोरगं मनानं चांगलं. साखराबाई नको म्हणायला उठलीही होती. पण सावडीला आलेल्या माणसाला माघारी लावत नसतात, म्हणून ती परत बसली. सुदर्शननं गाणं म्हणत सगळं वावर फवारलं, चार भाकरी खाल्ल्या, करपलेल्याही, आणि गेला. उरलेल्या भाकरी दोन दिवस गावची गुरं खात होती.

आठ दिवसांत गवत वाळलं. त्याच्याबरोबर ज्वारीही वाळली. सुदर्शनच्या वावरात नुसतं सोयाबीन. त्याच्याकडं औषध होतं ते सोयाबीनचं, ज्वारीलाही गवतच धरणारं, तेच त्यानं इथं मारलं. ज्वारी शेषेरावानं मडक्यात राख घालून राखलेल्या बियाची होती. साखराबाईनं मडकं उपडं करून बघितलं. नुसती राख पडली.

दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन सुदर्शनच्या वावरात जाऊन पहिल्या ओळीला बसली. तो पळतच आला.

"मोठीमाय, शिव्या दे मला. पण इथं बसू नको."

"तू आलतास माझ्या वावरात. मला यावं लागतंय."

"अगं, पण इथं तण कुठाय?"

तण नव्हतंच. औषधानं जमीन अंगणासारखी स्वच्छ होती. साखराबाई एकेका झाडाखाली हात घालून बघत होती आणि पुढं सरकत होती. मधूनच मान वळवायची, शेजारच्या ओळीत कोण मागं राहिलं ते बघायला. सुदर्शन बांधावर डोकं धरून बसला होता.

दुपारी त्याच्या बायकोनं ताट आणलं. खुरपणीनं बोटं हिरवी होतात. साखराबाईची कोरडीच होती. तरी तिनं रीतीप्रमाणे तांब्याभर पाण्यानं हात धुतले, आणि जेवायला बसली.