तीन टिंबांतून गेलेलं वजन
सुकेळीचं, म्हणजे पानात गुंडाळलेल्या सुकवलेल्या केळ्यांचं पान सोडलं, की त्या गोड वासाबरोबर मला सातिवलीतलं वजनकाटे बनवणारं ते छोटं युनिट आठवतं. मी तिथे नवी होते आणि मला सी या संगणकाच्या भाषेत हाताला धरून पुढे नेणाऱ्या मॅडमचा नोकरीतला तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी गिऱ्हाईक काटा न्यायला येणार होतं आणि माझा प्रोग्रॅम काही केल्या वजन दाखवेना. मॅडमनी घरच्या सुकेळीचा अर्धा किलोचा पुडा काट्यावर ठेवला, तरी पडद्यावर शून्यच. "तुम्हीच बघा ना," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "उद्या मी नाहीये, बाळा. सांग, वजन दाखवणाऱ्या फंक्शनला वजन कुठल्या प्रकारचा आकडा म्हणून पाठवलंस?" "फ्लोट. छोटा दशांश आकडा." "पण तू तर त्या फंक्शनच्या कंसात, येणाऱ्या आकड्याचं नाव-प्रकार न लिहिता नुसती तीन टिंबं दिलीयस. तिथून जाताना फ्लोटचा आपोआप डबल, म्हणजे मोठा दशांश आकडा होतो; तसाच कॅरॅक्टरचा, म्हणजे अक्षराचा, इंट, म्हणजे पूर्णांक होतो. आत पोचलाय डबल आणि तू मागतेस फ्लोट. मिळणार कसा?" मी फंक्शनच्या आत फ्लोटच्या जागी डबल लिहिलं, तेवढा एकच शब्द बदलला. पडद्यावर ०.५०० उमटलं आणि मी त्यांना मिठीच मारली. गिऱ्हाईक काटा घेऊन गेलं. मग रिक्षात बसताना मॅडम म्हणाल्या, "आता अडलीस तर मला फोन करायचा नाही हं. नाताळला मात्र घरी यायचं." मी अजून दर नाताळला जाते. निघताना त्या फाटकापर्यंत येतात आणि रुसून विचारतात, "वर्षभर एक फोन का करत नाहीस गं?"