पारख्याचं दार

आमच्या काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात नोकरभरती बावीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. त्याला आम्ही पारखी म्हणायचो. सुरुवातीला पाठीमागे, चिडवायला. पण ते त्याच्या कानावर गेलं आणि स्वारी खूश झाली, तेव्हापासून तोंडावर.

त्याच्या खोलीचं दार नीट बसत नसे. लावलं की दोन मिनिटांत आपोआप किलकिलं व्हायचं, मग सताड उघडायचं, आणि भट्टीची घरघर आत यायची. मुलाखतीला आलेल्याला पारखी घर, शिक्षण असलं काहीबाही विचारत राही. डोळा मात्र दारावर. समोरच्याने उठून दार लावलं तर नोकरी पक्की. बसून राहिला तर "कळवतो." सुतार दोनदा आला, दोन्ही वेळा पारख्याने त्याला हाकलून दिलं.

"उघडं दार ज्याला खुपत नाही, त्याला बाटलीतली चीर काय खुपणार?" तो म्हणायचा. ऐकायला किती झकास! मालकही मान डोलवायचे.

निवडलेली माणसं माझ्याकडे यायची. तपासणीत मी सगळ्यांत जुनी. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जातात, त्यांतली तडकलेली हाताने उचलायची, एवढंच काम. तीन महिने मी त्यांना शेजारी बसवायची, चुकलं की मनगटावर चापटी द्यायची. चौथ्या महिन्यात हात तयार. मग पारखी मागे येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "बघ, म्हटलं नव्हतं?" घाम माझा, शाबासकी त्याच्या नजरेला.

प्रत्येक नव्या तुकडीपुढे तो मला उभं करायचा. "ही आली तेव्हा माझा प्रश्न अर्धवट सोडून दार लावायला उठली. तिथेच ओळखलं मी." मी मान खाली घालून हसायची. एकोणीस वर्षं हसले.

नऊ वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण मुलाखतीला आली. नवरा टाकून गेलेला, पदरात दोन मुली. दार उघडलं तरी ती जागची हलली नाही. परक्याच्या खोलीत विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे आईने आम्हाला धपाटे घालून शिकवलेलं. पारखी म्हणाला, "कळवतो." तेव्हापासून ती इस्पितळाच्या चादरी धुते. तिच्या बोटांची कायम सालपटं निघालेली असतात.

यंदा पारखी ऑपरेशनसाठी दीड महिना घरी होता आणि नेमकी तेव्हाच मोठी ऑर्डर आली. कारभार आता मालकांची सून बघते. तिने अर्जांच्या सरळ चिठ्ठ्या टाकल्या, तीस उचलल्या आणि ती माणसं माझ्या हवाली केली. सहा महिन्यांनी सगळ्यांना बैठकीला बोलावलं. पारख्याने निवडलेली शेवटची तीस माणसं आणि चिठ्ठ्यांची तीस, कुणाच्या हातून किती तडकलेल्या बाटल्या निसटल्या, ते तिने मोठ्याने वाचून दाखवलं. दोन्हीकडे सारखंच. चिठ्ठीवाले कणभर सरसच.

"अपवाद असतात," पारखी म्हणाला.

"तीसच्या तीस अपवाद, काका?"

"बावीस वर्षं माझी नजर..."

"तुम्ही परत पाठवलेली माणसं पुढे कशी निघाली, हे कधी बघितलंत?"

पारखी गोंधळला. "ती कशी बघणार? ती तर गेली ना."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, त्याने निवडलेलेसुद्धा. मीही हसले, आणि या वेळी मान वर करून.

दुसऱ्या दिवशी सुताराने दहा मिनिटांत दार दुरुस्त केलं. पारख्याचं टेबल खोक्यांच्या गोदामात गेलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

आठवड्याभराने मी रिकामी खोकी आणायला गोदामात गेले. तो टेबलाशी नुसता बसून होता. दाढी वाढलेली. मला बघून घाईघाईने उठला.

"तू तरी सांग त्यांना. तू उठली होतीस ना दार लावायला?"

मी नुसतं "हो" म्हटलं असतं, तर त्या एका शब्दावर त्याने उरलेलं आयुष्य काढलं असतं. मला ते कळत होतं.

"मी दार लावायला नव्हते उठले, साहेब," मी म्हटलं. "घाबरले होते. घरी पळून जायला निघाले होते. दाराला हात लावला आणि तुम्ही मागून शाब्बास म्हणालात, म्हणून ते लावून परत बसले."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हणून आणखी एक घाव घातला. "आणि माझी बहीण उठली नाही म्हणून तिला परत पाठवलंत. आठवते का?"

आठवत नव्हती. मग अगदी साधेपणाने, खरंच कळत नसल्यासारखं त्याने विचारलं, "पण दाराचं तुला माहीत होतं. मग सख्ख्या बहिणीला आधी सांगितलं का नाहीस?"

ती मुलाखतीला आली तोवर दहा वर्षं ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की मी दार लावायलाच उठले होते. बहिणीच्या अंगात तो गुण असेल तर आपणहून उठेल, असं म्हणून मी गप्प बसले होते. आणि ती रडत घरी आली, तेव्हा तिला मीच म्हटलं होतं, "तुझं लक्षच नसतं गं कशात."