देओलिंदाने नंबर तपासला

देओलिंदा बोर्जेसने तुलारे गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत एकही पातेलं तिने झाकण उचलून वास घेतल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. दुधाचे क्रेट आले की तारीख बघायची, चिकनचे खोके फोडून बघायची, आणि ट्रकवाला घाई करू लागला की म्हणायची, "थांब जरा. इथे सातशे पोरांची पोटं आहेत, तुझं एक घड्याळ आहे." तिला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, नवरा जाऊन नऊ. सवय काही गेली नव्हती. ती दुकानात अंड्यांपाशी उभी राहिली की तिथली पोरं हसत. तीही हसायची आणि बाराच्या बारा अंडी उलटून बघायची.

तिची थोरली बहीण झुल्मिरा शेजारच्या हॅनफर्ड गावात वरच्या मजल्यावर राहायची. फेब्रुवारीत झुल्मिराच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिने चढायला बंदी घातली.

"माझ्याकडे ये राहायला," देओलिंदा फोनवर म्हणाली.

"तुझ्याकडे काय आहे गं? तुझ्या त्या टबात उतरायला मला क्रेन मागवावी लागेल."

"मग नवीन बाथरूम बांधते. मागची पडवी बंद करून एक खोली, आणि उंबऱ्याशिवायचं बाथरूम."

"माझ्यापायी घराची तोडफोड करू नकोस."

"तुझ्यापायी कोण करतंय? मला भांडायला माणूस हवंय."

झुल्मिरा हसली, म्हणजे कबूल झाली.

आता बांधणारा शोधायचा होता. तो आपणहूनच दारात आला. नाव ट्रॉय केसलर, वय पस्तीसच्या आसपास, पांढराशुभ्र ट्रक, दारावर हातभर अक्षरांत लायसन्स नंबर रंगवलेला. पलीकडच्या गल्लीत काम चाललंय, म्हणाला, येताजाता तुमची पडवी दिसली. त्याने पडवी मोजली, कागदावर झकास चित्र काढून दिलं, देओलिंदाच्या हातच्या गोड पावाचे तीन तुकडे खाल्ले आणि चौथा बायकोसाठी बांधून घेतला.

"सोमवारपासून लागतो बघा, मॅडम. लाकूड रोज महाग होतंय, म्हणून एक तृतीयांश पैसे आधी लागतील."

"आणि नगरपालिकेची परवानगी?"

"घरातल्या घरात तर करायचंय! त्यांना कशाला सांगायचं? ते नुसते महिने खातात." आणि तो असा गोड हसला की देओलिंदाला आपण विचारलं याचीच लाज वाटली.

"गुरुवारी दहाला ये. चेक तयार ठेवते," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने खरोखर चेकबुक काढलं, चष्मा चढवला आणि पेन उघडलं. पण हात काही पुढे जाईना. पोरगा चांगला होता. तिचा पाव त्याने मनापासून खाल्ला होता. तरी झाकण उचलायचं राहिलंय असं तिला सारखं वाटत होतं. शेवटी तिने पेन बंद केलं, फोन घेतला, बांधकामवाल्यांना लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाचं पान उघडलं आणि त्याने दिलेल्या कार्डावरचा नंबर एकेक आकडा करून टाकला.

सगळं चोख निघालं. लायसन्स चालू, घरबांधणीचं, हमीपत्र भरलेलं, तक्रार एकही नाही. फक्त नाव ट्रॉय केसलरचं नव्हतं. नाव होतं वार्तान बेदोसियन, राहणार फ्रेस्नो.

मालक वेगळा असेल, हा त्याच्याकडे कामाला असेल, असं तिने मनाला समजावलं. पण पानावर मालकाचा फोन नंबर होताच, म्हणून लावला.

"बेदोसियन!" पलीकडून कुणीतरी डोंगरावरून हाक मारावी तसं ओरडलं.

"मिस्टर बेदोसियन, तुमच्याकडे ट्रॉय नावाचा माणूस कामाला आहे का?"

"ट्रॉय? माझ्याकडे त्या नावाचा कुत्राही नव्हता कधी. का?"

देओलिंदाने सगळं सांगितलं.

"माझा नंबर," बेदोसियन सावकाश म्हणाला. "ट्रकवर. केवढा लिहिलाय?"

"हातभर."

"मी स्वतः कधी एवढा मोठा लिहिला नाही! मिसेस बोर्जेस, तो गुरुवारी किती वाजता येणार आहे?"

गुरुवारी नऊ वाजताच बेदोसियन हजर झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बुटका, इस्त्रीचा शर्ट, कमरेला मोजपट्टी, हातात जर्दाळूंची पिशवी. एवढ्या लांबून रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणाला. देओलिंदाने कॉफी टाकली. खरं सांगायचं तर तिला थोडी मजा वाटत होती.

बरोबर दहाला ट्रॉय आला.

"हे माझे ओळखीचे," देओलिंदा म्हणाली. "यांना बांधकामाची आवड आहे."

"छंद," बेदोसियन मान हलवत म्हणाला. "बस, बस. तुझा नंबर पाहिला मी ट्रकवर. लायसन्स कधी काढलंस बाळा?"

"दोन हजार सोळाला."

"असं? आणि नंबर सहा आकडी?"

"हो, का?"

"काही नाही. सोळा सालापर्यंत नंबर सात आकड्यांवर गेले होते. हा नंबर त्र्याऐंशी सालचा आहे. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. पहिल्यांदा परीक्षेत मी नापास झालो, कारण आदल्या रात्री माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. दुसऱ्यांदा पास झालो. त्या नंबरावर मी दोनशे चौदा घरं बांधली आणि त्यातलं एकही गळत नाही." त्याने खिशातून पाकीट काढलं आणि पिवळं पडलेलं लायसन्स कार्ड पावाच्या ताटलीशेजारी ठेवलं.

ट्रॉयने कार्डाकडे पाहिलं, देओलिंदाकडे पाहिलं. मग ट्रकमध्ये काहीतरी विसरलोय असं पुटपुटत उठला आणि गेला. ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा देओलिंदा अंगणात उभी राहून त्याच्या पाठच्या पाटीवरचा गाडीचा नंबर टिपून घेत होती. तिने त्याच दुपारी मंडळाकडे तक्रार केली, आणि पुढे मे महिन्यात त्याच्यावर खटला भरल्याचं पत्र आलं. तिच्यासारख्या आणखी चौघींना त्याने गाठलं होतं.

पण त्या सकाळी ती घरात परतली. खुर्चीत बसली आणि एकदम हसत सुटली. बेदोसियनही हसायला लागला. दोघं डोळे पुसेपर्यंत हसले.

"तुम्हीच बांधा ना माझी पडवी," ती म्हणाली.

"माझे गुडघे बघा. लायसन्स मी केवळ प्रेमाखातर चालू ठेवलंय. आता सगळं माझी मुलगी बघते, आर्पिने. तिचं स्वतःचं लायसन्स आहे. तिचा नंबर देतो."

"फोनचा?"

"फोनचा."

"आधी लायसन्सचा द्या."

बेदोसियनने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि मग स्वतःचाच सत्कार झाल्यासारखा चेहरा करून सात आकडे सांगितले. देओलिंदाने त्याच्या देखत ते टाकले. या वेळी नाव बरोबर आलं.

आर्पिने दुसऱ्या दिवशी आली. पंचेचाळिशीची, केसांना रुमाल बांधलेली, बोलायला बापाच्या बरोबर उलट. "बाबांनी सांगितलं तुम्ही मला तपासलंत ते," ती म्हणाली. "बरं वाटलं. लोक मला विचारतात, हातोडी तुम्ही स्वतः धरता का." तिने काय बांधणार ते कलमवार लिहून दिलं आणि सुरुवातीला कायद्यात बसतात तेवढेच, हजार डॉलर मागितले. परवानगीसाठी नगरपालिकेत तीच जाऊन उभी राहिली. नगरपालिकेचा तपासनीस तीनदा येऊन गेला, आणि तिन्ही वेळा त्याला देओलिंदाने जेवल्याशिवाय सोडलं नाही.

काम नऊ आठवडे चाललं. बेदोसियन देखरेखीला म्हणून दिवसाआड यायचा.

"बाबा, तुम्ही मध्ये उभे आहात," आर्पिने म्हणायची.

"मी बघतोय."

"तुम्ही रस्सा बघताय."

यात तथ्य होतं. देओलिंदा पावावर ओतून वाढायची तो मटणाचा रस्सा स्वयंपाकघरात शिजत असायचा, आणि बेदोसियनची देखरेख त्याच खिडकीपाशी जास्त व्हायची.

एव्हाना ही गोष्ट चर्चच्या हॉलमध्ये पोचली होती. रविवारी प्रार्थनेनंतर बायका देओलिंदाभोवती जमू लागल्या. कुणाच्या हातात छप्परवाल्याचं कार्ड, कुणाच्या फोनमध्ये नळवाल्याच्या गाडीचा फोटो. देओलिंदा चष्मा चढवून नंबर टाकायची आणि मोठ्याने वाचायची. दोघांची लायसन्सं संपलेली निघाली, त्यातल्या एकाने तर ते नूतन करून घेऊन तिला दाखवायला आणलं. एकीने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माझ्या नातीला मागणी आलीय एका मुलाची. त्याचं काही बघता येतं का यात?"

"त्याचं मंडळ अजून निघालं नाही गं," देओलिंदा म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

झुल्मिरा जूनच्या पहिल्या शनिवारी राहायला आली. काठी टेकत तिने खोलीला एक फेरी मारली, भिंती चाचपल्या, खिडकी उघडून मिटून पाहिली. नावं ठेवायला काहीतरी शोधत होती, सापडत नव्हतं.

"भिंतीचा रंग जरा फिका आहे," शेवटी म्हणाली.

"तूच निवडलायस."

"मग चांगला आहे."

मग ती टॉवेल घेऊन नव्या बाथरूममध्ये गेली. तिथे उंबरा नव्हता, धरायला कठडा होता, बसायला फळी होती. चार महिने ती ओल्या फडक्याने अंग पुसून काढत होती. पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि थोड्या वेळाने गाणं. दोघी जन्मल्या त्या बेटावरचं, लहानपणीचं, दोन्ही बहिणींना अर्धंच येणारं. अर्ध्यापाशी आली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

बाहेर टेबलावर देओलिंदा, आर्पिने आणि बेदोसियन ताटं वाढून थांबले होते. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. बेदोसियनने सॉसेजकडे पाहिलं, मग बंद दाराकडे.

"ती बाहेर येणार आहे का आज?"

"मला नाही वाटत," देओलिंदा म्हणाली आणि पाव मोडून त्याच्या ताटात टाकला. तिचे डोळे भरले होते, पण हसू काही आवरत नव्हतं.

तेवढ्यात पाण्याच्या आवाजावरून आतून ओरडा आला, "मला ऐकू येतंय हं सगळं! दोन तुकडे ठेवा माझ्यासाठी!"