राखणदाराचा द्रोण

कल्पना करा, दारू सोडलेल्या हातांनी तुम्हाला बाटली उघडायची आहे, द्रोणात दारू ओतायची आहे आणि तो द्रोण देवापुढे ठेवायचा आहे. बोटाला थेंब लागला तरी चाटायचा नाही.

लालबागच्या चाळीतल्या विश्राम परबांना यंदा हे करावं लागलं. गावचा राखणदार देव घर सांभाळतो, म्हणून दरवर्षी ते त्याला कोंबडा आणि दारू देतात. द्रोण घरातल्या थोरल्यानेच भरायचा असतो. विश्राम म्हणाले, यंदा नारळावर भागवू. धाकटा भाऊ हसला. "जन्मभर तू ढोसलंस, आता देवाक उपाशी ठेवतलस?"

मग त्यांनी हितेंद्रला बोलावलं. दारू सोडलेल्यांच्या परळच्या बैठकीत दोघे शेजारी बसायचे.

"घाबरू नको रे, मी हात धरतो," हितेंद्र म्हणाला आणि त्याने खरंच मनगट धरलं. विश्रामनी घर सांभाळ म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं, घरचे "होय म्हाराजा" म्हणाले. द्रोण भरताना थोडी दारू हितेंद्रच्या बोटांवर सांडली.

त्यानंतर तो बैठकीला आलाच नाही. चिंचपोकळीच्या पुलाखाली तो पिऊन पडलेला विश्रामना दिसला. हाक मारली, तर त्याने ओळखलं नाही.

विश्राम अजून प्यायलेले नाहीत. बैठकीत ते शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत. बायको अंबिका म्हणते, "देवाने तुमची राखण केली."

"मग हितेंद्रची कोणी करायची होती?" ते विचारतात.